घरी बांधलेल्या गाडीच्या ब्रेक लाईनी: आधी रस्ता आखा, मग पाईप वाकवा

चॅसी वेल्ड होते, इंजिन बसतं, सीटा लागतात, रंगही मारून होतो, आणि मग कुणीतरी विचारतं, "ब्रेकचे पाईप कुठून न्यायचे?" जळगाव-धुळ्याकडे कॉलेजच्या पोरांनी आणि हौशी मिस्तरींनी बांधलेल्या गाड्या पाहतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हा प्रश्न सर्वांत शेवटी आलेला दिसतो. मग पाईप उरलेल्या जागेतून जातो. कधी सायलेन्सरला लागून, कधी वायरिंगच्या जुडग्यात, कधी थेट चॅसीच्या पोटाखालून. गाडी थांबते, ब्रेक लागतात, म्हणून सगळे खूश असतात. पण पहिल्या पावसाळ्यात किंवा पहिल्या लांब घाटात त्या पाईपची खरी परीक्षा होते.

माझं म्हणणं असं की ब्रेक लाईनचा रस्ता चॅसी रंगवण्याआधी, उघड्या सांगाड्यावर आखायचा. तोपर्यंत ब्रॅकेट वेल्ड करता येतं, भोक पाडता येतं, पट्टी लावता येते. रंगानंतर आणि विशेषतः पाईप बसल्यानंतर वेल्डिंगचं काम काढायचंच नाही, कारण ठिणग्या पाईपवर आणि होजच्या (चाकाजवळच्या लवचिक नळीच्या) रबरावर पडतात आणि तिथला व्रण वरवर दिसत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. घरी बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक संस्था. म्हणून हा लेख शेतात, खासगी आवारात किंवा मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला होत आलेल्या बाहासारख्या विद्यार्थी स्पर्धांत चालणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पण खासगी आवार आहे म्हणून ब्रेकमध्ये सूट घ्यायची नाही.

दोन सर्किट, आणि ती कशी वाटायची

एकाच लाईनवर चारही चाकं टांगायची नाहीत. टँडम मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) घ्या. त्यात एकामागे एक दोन पिस्टन असतात आणि दोन वेगळी सर्किट, म्हणजे ऑइलचे स्वतंत्र मार्ग, निघतात. एक फुटलं तर पेडल बरंच खाली जातं, पण दुसरं सर्किट गाडी थांबवतं. त्यामुळे पेडलच्या मागे तेवढी मोकळी जागा असलीच पाहिजे. एक सर्किट रिकामं असताना पेडल जमिनीच्या पत्र्याला टेकलं तर दुसऱ्या सर्किटचा उपयोग शून्य. पाईप आखताना ही जागा आधी मोजा, कारण त्यावरून मास्टर सिलिंडर कुठे बसेल हे ठरतं.

वाटणी दोन प्रकारची. पुढची दोन चाकं एका सर्किटवर आणि मागची दोन दुसऱ्यावर, किंवा डायगोनल, म्हणजे पुढचं डावं व मागचं उजवं एकत्र आणि उरलेली दोन एकत्र. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक छोट्या गाड्यांत डायगोनल असतं, कारण वजन पुढे असल्याने नुसत्या मागच्या ब्रेकवर ती गाडी थांबत नाही. पण डायगोनलमध्ये एक सर्किट गेलं की पुढचं एकच चाक ब्रेक धरतं आणि गाडी एका बाजूला ओढते. ती ओढ आवरायला कंपन्या पुढच्या सस्पेन्शनची भूमिती त्या हिशेबाने बनवतात. घरी बांधलेल्या चॅसीत ती भूमिती आपण तेवढ्या काटेकोरपणे साधलेली नसते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पुढे-मागे वाटणी करा, खास करून इंजिन मागे असेल तर. पाईपही कमी लागतो आणि दोष शोधणं सोपं जातं.

हँडब्रेक या सगळ्यापासून वेगळा, केबलचाच ठेवा.

पाईप विकत घेण्याआधी थोडं गणित

समजा पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचा लिव्हर ५ पट. मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडवर १५० किलो जोर आला. सिलिंडरचा बोअर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेंमी होतं. दाब झाला चौरस सेंमीला साधारण ५३ किलो. हा नेहमीचा ब्रेक. समोर अचानक म्हैस आली तर माणूस दुप्पट-तिप्पट जोराने पेडल दाबतो, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर त्याची भर वेगळी. म्हणजे शंभरच्या वर दाब सहज जातो. आपल्याकडे शेतातल्या पीव्हीसी पाईपवर ४ किंवा ६ किलो दाब छापलेला असतो, ठिबकची नळी तर एखाद-दीड किलोवर चालते. हे आकडे शेजारी ठेवले की घरातली कुठलीही नळी ब्रेकला का चालत नाही ते कळतं.

बोअर मोठा घेतला तर दाब कमी आणि पेडल कडक. छोटा घेतला तर दाब जास्त, पण पेडलचा प्रवास लांबतो. म्हणून मास्टर सिलिंडर, कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) आणि मागचे व्हील सिलिंडर (ड्रमच्या आतले) शक्यतो एकाच मॉडेलच्या गाडीचे घ्या. भंगारातून मास्टर सिलिंडर एका गाडीचा आणि कॅलिपर दुसऱ्या गाडीचे आणले, तर आधी क्षेत्रफळांचा हिशेब मांडा. आणि कुठूनही आणले तरी रबर किट नवीन टाका.

दुसरं गणित वजन पुढे सरकण्याचं. चालकासह ७०० किलोची गाडी, व्हीलबेस २.२ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि जोरदार ब्रेक, म्हणजे ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट). तर ७०० गुणिले ०.८ गुणिले ०.५ भागिले २.२, सुमारे १२७ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. उभ्या गाडीत पुढे-मागे ३५०-३५० असेल, तर ब्रेक लागताना ४७७-२२३ होतं. इंजिन मागे असल्याने उभ्या गाडीत २८०-४२० असेल, तर ४०७-२९३ होतं. दोन्ही गाड्यांना मागच्या ब्रेकचा वाटा वेगळा लागतो. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी फिरते, सांभाळता येत नाही. म्हणून मागच्या लाईनवर, टीच्या (लाईनला दोन फाटे फोडणाऱ्या जोडाच्या) आधी, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हसाठी (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणाऱ्या) जागा आखून ठेवा. तो पुढच्या लाईनवर कधीही लावायचा नाही. ॲडजस्ट करता येणारा व्हॉल्व्ह असेल तर तो चाचणीच्या वेळी हाताला येईल अशा जागी असू द्या.

पाईप कोणता

बाहेरून ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिमीचा, ब्रेकसाठीच बनवलेला दुहेरी भिंतीचा स्टील पाईप, वर कोटिंग असलेला. हा स्वस्त, मजबूत आणि सर्वत्र मिळतो. दुसरा पर्याय तांबं-निकेल मिश्रधातूचा. तो हाताने सुंदर वाकतो, गंजत नाही, पण महाग पडतो. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीचा विचार केला तर तो खर्च मला पटतो. खरिपात ही माती गाडीच्या पोटाला लिंपल्यासारखी बसते, ओल धरून ठेवते आणि स्टीलचा पाईप नेमका क्लिपखाली गंजतो, जिथे नजर जात नाही.

आता एक इशारा, कारण हे आपल्याकडे खरोखर होतं. फ्रिज-एसीवाल्याकडे तांब्याची नळी आणि फ्लेअरिंगचा, म्हणजे नळीचं टोक फाकवायचा, सेट दोन्ही तयार असतात. नळी छान वाकते, नट बसतो, पहिल्या दिवशी गळतही नाही. पण शुद्ध तांबं कंपनाने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या गळ्याशी तडकतं. शिवाय एसीवाल्याचा सेट सिंगल फ्लेअर करतो. ब्रेकला डबल फ्लेअर (टोक दुमडून दुहेरी केलेलं) किंवा बबल फ्लेअर (टोक फुग्यासारखं फुगवलेलं) लागतो. सिंगल फ्लेअर नटाखाली चिरतो. तसंच ऑलिव्ह (धातूचं कडं) घालून आवळायची कॉम्प्रेशन फिटिंगही ब्रेक लाईनवर चालत नाही.

फ्लेअर कोणता हे छिद्रात टॉर्च मारून बघा. छिद्राच्या तळाशी शंकू वर आलेला दिसला तर डबल फ्लेअर. तळ ड्रिलच्या टोकासारखा खोलगट असेल तर बबल. दोन्हींची सरमिसळ केली की ते कितीही आवळा, झिरपतातच. आट्यांचंही तसंच. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एम १० बाय १ आटे असतात, पण जुन्या जीपच्या भागांत इंची आटे सापडतात. ३/८ इंची नट एम १० च्या छिद्रात दोन-तीन फेरे जातो आणि बसल्यासारखा वाटतो. दाब आला की निसटतो. आट्यांचा गेज लावून खात्री करा.

रस्ता आखणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्याला घाई नको. १० गेजची जीआय तार आणा आणि उघड्या चॅसीवर पाईपच्या जागी ती वाकवून बसवा, बारीक तारेने बांधा. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, पेट्रोल टाकी, बॅटरी, सगळं जागेवर असताना. मग तारेवरून बोट फिरवत जा आणि प्रत्येक वीतभर अंतरावर चार गोष्टी विचारा: इथे काय घासेल, काय तापेल, काय हलेल आणि हवा कुठे अडेल.

घासण्यापासून सुरुवात करू. पाईप चॅसीच्या सर्वांत खालच्या कडेच्या वर असला पाहिजे. सी-चॅनल असेल तर आतल्या पोटात वरच्या कोपऱ्यात, चौकोनी ट्यूब असेल तर आतल्या बाजूच्या उभ्या भिंतीवर. आपल्याकडे गाडी शेतात जाणार. कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी, बांधावरचा दगड, ठिबकच्या नळीचं गुंडाळं, हे सगळं पोटाखालून जातं. चाकाने उडालेली खडी जिथे लागते तिथे पाईपवर स्प्रिंगचं कवच चढवा किंवा पुढे पत्र्याची ढाल लावा. पत्र्यातून पाईप आरपार न्यायचा असेल तर रबरी ग्रोमेट हवाच. साखळी, शाफ्ट किंवा बेल्ट शेजारी असेल तर तो तुटल्यावर कुठे झोडपेल हे बघून पाईप दुसऱ्या बाजूला न्या.

तापण्याबद्दल. सायलेन्सर उजवीकडून जात असेल तर ब्रेक लाईन डावीकडून. जवळून जाणं टळतच नसेल तर किमान १०० मिमी अंतर आणि मध्ये पत्र्याची उष्णतारोधक पट्टी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, इंजिनच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त. त्यात कन्नड घाट उतरताना डिस्कची उष्णता कॅलिपरमधून ऑइलपर्यंत येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जातं. डॉट ३ ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्के झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर उतरतात. म्हणून डॉट ४ वापरा, सीलबंद डबा त्याच दिवशी उघडा आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदला.

हलण्याबद्दल. पाईप एकतर पूर्ण स्थिर असावा, नाहीतर तिथे होज असावा. मधलं काही नाही. दर ३०० मिमीवर रबर लावलेली क्लिप, वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. केबल टाय हा क्लिपचा पर्याय नाही, उन्हाने तो तडकतो. पेट्रोलचा पाईप आणि वायरिंग ब्रेक लाईनला बांधायचं नाही. मास्टर सिलिंडर आणि चॅसी यांच्यामध्ये थोडी हालचाल होते, कारण पेडल दाबलं की पत्रा किंचित वाकतो. तिथे पाईपला एक-दोन मोकळे वेटोळे द्या, पण आडवे. आणि पत्रा दिसण्याइतका वाकत असेल तर वेटोळ्यांवर भागवू नका, पेडलच्या मागे आधार वेल्ड करा.

हवेचं शेवटचं. लाईन कुठेही उलट्या यू-सारखी वर जाऊन खाली आली की त्या माथ्यावर बुडबुडा बसतो आणि एअर काढताना तो निघत नाही. रस्ता शक्यतो एकाच दिशेने चढता किंवा उतरता ठेवा. वेटोळे आडवे सांगितले ते याचसाठी.

पेडल जमिनीलगत आणि मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर ऑइल परत उतरू नये म्हणून लाईनमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. डिस्कला साधारण २ पीएसआय, ड्रमला १० पीएसआय. ड्रमच्या काही मास्टर सिलिंडरांत तो आतच असतो. तसं असेल तर बाहेरून दुसरा लावू नका.

जोड जितके कमी तितकं बरं. पुढे एक टी, मागे एक टी, दोन्ही चॅसीला किंवा ॲक्सलला बोल्टने पक्के. वर सांगितलेल्या मापाच्या गाडीला ७-८ मीटर पाईप पुरतो. एखादं वळण बिघडलं तर बदलता यावं म्हणून थोडा जास्तच आणा.

होज

पुढच्या प्रत्येक चाकाला एक, मागे अखंड ॲक्सल असेल तर चॅसीपासून ॲक्सलवरच्या टीपर्यंत एक, स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर दोन. लांबी टेपने अंदाजे ठरवू नका. गाडी जॅकवर घ्या, शॉकअपचं स्प्रिंग काढा, चाक पूर्ण खाली सोडा, स्टिअरिंग एका टोकाला फिरवा आणि दोरीने मोजा. मग दुसऱ्या टोकाला. मग चाक पूर्ण वर. या प्रत्येक स्थितीत होज ताणला जाऊ नये आणि टायर, रिम, स्प्रिंग यांपैकी कशालाही लागू नये. सर्वांत लांब माप निघेल ते घ्या आणि सर्वांत आखूड स्थितीत सैल होज कुठे लोंबतो ते बघा. होजवर लांबीभर रेघ असते. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे, पिळलेली नको.

चॅसीच्या बाजूला होजचं टोक ब्रॅकेटमध्ये लॉक क्लिपने अडकलेलं हवं, नाहीतर सगळी ओढ स्टीलच्या पाईपवर येते. होजवर आयएस ७०७९ छापलेलं बघून घ्या. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा होज दाब सहन करतो, पण त्याचं रबर खनिज तेलासाठी बनलेलं असतं. ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं. उलटही खरं: ब्रेकच्या टाकीत थोडंसं इंजिन ऑइल पडलं तरी सगळी रबरं खराब होतात. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

कापणं, वाकवणं, फ्लेअर

जीआय तार काढा, दोरीने तिची लांबी मोजा, दोन्ही टोकांना ५०-५० मिमी जास्त धरून पाईप कापा. ट्यूब कटरनेच कापा. हॅकसॉचं टोक तिरकं होतं आणि बुरा आत जातो. आतली कड रीमरने साफ करून पाईपमधून हवा मारा. वळण बेंडरवर द्या, त्रिज्या २० मिमीच्या खाली नको. वळणावर पाईप चपटा झाला तर तो तुकडा बाजूला टाका. सर्व वळणं झाल्यावर पाईप जागेवर धरून जास्तीचं टोक कापा. नट आधी ओवा, मगच फ्लेअर करा. फ्लेअर एकसारखा गोल, मध्यावर आणि बिनतडा दिसला पाहिजे. शंका आली तर कापून पुन्हा करा.

नट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग फ्लेअर नटाचा पाना लावा. साध्या पान्याने कोपरे झिजतात. टेफलॉन टेप लावायची सवय प्लंबिंगमधून येते, इथे ती नको. सील धातूवर धातू बसून होतं आणि टेपचा तुकडा आत गेला तर मास्टर सिलिंडरचं बारीक छिद्र बुजवतो.

एअर काढणं आणि चाचणी

आधी मास्टर सिलिंडर व्हाइसमध्ये धरून त्याची एअर काढा. कॅलिपर बघा: निपल (हवा सोडायचा स्क्रू) सर्वांत वर आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि कितीही पंप केलं तरी हवा निघत नाही. पेडल स्पंजी राहिलं की हे सगळ्यात आधी तपासा. पेडलच्या पुशरॉडला साधारण एक मिलिमीटर ढील असू द्या. ढील नसेल तर ऑइल टाकीकडे परत येत नाही आणि ब्रेक हळूहळू धरून बसतात.

दोन माणसं लागतात. एकाने हळू दाबायचं, धरायचं. दुसऱ्याने निपल सोडायचा, बंद करायचा, मग "सोड" म्हणायचं. सामान्यतः मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. निघालेलं ऑइल परत ओतायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचकटतं.

मग प्रत्येक जोड कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा, पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गळताहेत. रात्रभर तसंच ठेवून सकाळी कागद बघा. त्यानंतर एका सर्किटचा निपल मुद्दाम उघडा ठेवून दुसऱ्या सर्किटवर पेडलला जोर मिळतो का ते उभ्या गाडीत तपासा. निपलला नळी लावून बाटलीत सोडा. ही चाचणी फार कमी जण करतात. झाल्यावर त्या सर्किटची एअर पुन्हा काढा.

गाडी चालवायची ती मोकळ्या, सपाट, कोरड्या मैदानात, आधी चालण्याच्या वेगाने. मग २० किमी, मग ४०. बाहेर एकाला उभं करून कोणतं चाक आधी जाम होतं ते पाहायला सांगा. पुढची आधी झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर मागच्या लाईनचा दाब कमी करा आणि पुन्हा २० पासून सुरू करा. ही जुळणी एकटा चालक आणि पूर्ण भार, दोन्ही धरून करा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट आणि क्लिप पुन्हा बघा. पावसाळ्यात गाडी शेतात जात असेल तर दर पंधरा दिवसांनी पोटाखालची माती धुवा, मागच्या ॲक्सलजवळच्या क्लिपा सैल करून खालचा पाईप पुसा, गंजाचा डाग दिसला तर तो पाईप त्याच आठवड्यात बदला.